रीफ टँक की प्लँटेड टँक? आधी काम पाहा, मग रंग

खाऱ्या पाण्यातला प्रवाळांचा रीफ टँक आणि गोड्या पाण्यातला रोपांचा प्लँटेड टँक शेजारीशेजारी ठेवले तर घरी आलेला माणूस आधी रीफसमोर थांबतो. निळ्या उजेडात हिरवे-नारिंगी चमकणारे प्रवाळ आणि त्यांच्यात लोळणारी क्लाउनफिशची जोडी पाहिल्यावर गोड्या पाण्यातली हिरवी बाग पहिल्या नजरेत तरी मागे पडते. पण पाहुण्याचा कौल इथे कामाचा नाही. तो अर्ध्या तासात निघून जातो. काचेवरचं सुकलेलं मीठ पुसायला, पाणी मोजायला आणि रात्री विजेरी घेऊन खडकामागे डोकावायला तुम्हीच उरता. तेव्हा कुठला टँक छान दिसतो हे बाजूला ठेवा आणि कुठल्या टँकचं काम आपल्याला आवडेल ते आधी ठरवा. रीफवाल्याचा आनंद मोजण्यात आणि वाट पाहण्यात असतो, प्लँटेडवाल्याचा कात्रीत. हा फरक न ओळखता केवळ फोटो पाहून रीफ सुरू करणारे बरेचजण वर्षभरात कंटाळतात.

पुढची सगळी तुलना साधारण २०० लिटरचा टँक धरून केली आहे. यापेक्षा लहान खारा टँक सोपा वाटतो, पण तो सोपा नसतो. पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर अंगाशी येते.

नुसतं बघत बसण्यापुरतं

मासे पाहून मन शांत होतं, ही समजूत खोटी नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या नॅशनल मरीन अ‍ॅक्वेरियममध्ये एका मोठ्या टँकमध्ये टप्प्याटप्प्याने मासे सोडले जात असताना प्लिमथ आणि एक्सेटर विद्यापीठांच्या संशोधकांनी पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके आणि मनःस्थिती नोंदवली होती. २०१५ साली आलेल्या त्या अभ्यासात टँकसमोर बसल्याने ठोके मंदावलेले दिसले आणि माशांची संख्या वाढल्यावर लोक जास्त वेळ रमले. पण तिथे लोक फक्त बघत होते, टँक सांभाळत नव्हते. बघण्याचं हे सुख गोड्या पाण्यातल्या ३० टेट्रांचा थवाही तितकंच देतो. एवढंच हवं असेल तर रीफच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

तिसरा पर्याय खाऱ्या पाण्यात फक्त मासे ठेवण्याचा. तो थोडक्यात आटोपतो. त्यात नायट्रेट (माशांच्या मलमूत्रातून पाण्यात साठणारं द्रव्य) ४० पीपीएमपर्यंत, म्हणजे दशलक्ष भागांत ४० भागांपर्यंत, गेलं तरी बहुतेक मासे निभावून नेतात, कॅल्शियम मोजावं लागत नाही, आणि प्रवाळ कुरतडणारे ट्रिगर किंवा मोठे एंजल ठेवता येतात. पण मीठ, शुद्ध पाणी, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) हा सगळा व्याप रीफइतकाच राहतो आणि वाढताना पाहण्यासारखं काही उरत नाही. लायनफिश किंवा ट्रिगरच हवा असा हट्ट असेल तरच हा मार्ग धरावा, आणि २०० लिटरमध्ये तर नाहीच. त्या माशांना याच्या दुपटी-तिपटीने पाणी लागतं.

पहिले सहा महिने

इथे दोन्ही टँक सहनशक्ती पाहतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

रीफमध्ये आधी खडक आणि खारं पाणी, दुसरं काही नाही. आरओडीआय गाळणीतून (विरघळलेले क्षारही काढून टाकणारी गाळणी) आलेलं, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप शून्य दाखवणारं पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ मिसळायचं. मीठ पाण्यात घालायचं. मिठावर पाणी ओतायचं नाही. तळाशी दाट द्रावण झालं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. बादलीत पंप लावून रात्रभर फिरू द्यावं आणि मग क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, मोजावी. ती ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) हवी. २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२६. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरमध्ये काट्याला बुडबुडे चिकटले की आकडा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो साध्या पाण्याने न जुळवता ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने जुळवा.

मग अमोनिया २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होईल इतका घालून तो पचवणारे जिवाणू खडकावर बसण्याची वाट पाहायची. चार ते सहा आठवडे जातात. टाकलेला २ मिलिग्रॅम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य राहिलं, म्हणजे पहिला मासा सोडायला हरकत नाही.

यानंतर येतो तो काळ, ज्याचे फोटो कोणी टाकत नाही. आधी वाळूवर तपकिरी डायटम, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, कधी लालसर सायनोबॅक्टेरियाची चादर. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत हे चालतं. घाबरून फॉस्फेट शोषणारी औषधं ओतली आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं, तर डायनोफ्लॅजलेट्स उगवतात: बुडबुडे अडकलेले तपकिरी शेंबडासारखे धागे, जे दुपारी खडकावरून लोंबतात आणि रात्री विरळ होतात. शेवाळापेक्षा ती पीडा कितीतरी चिवट. म्हणून नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहू द्यावं. निर्जंतुक टँक हे ध्येयच चुकीचं आहे. सहा महिन्यांच्या आसपास खडकावर जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळाचे ठिपके दिसू लागतात, आणि तेव्हा कुठे टँक मार्गी लागला असं म्हणता येतं.

प्लँटेडमध्ये पोषक माती वापरली तर पहिले दोन-चार आठवडे तीच अमोनिया सोडते. पहिल्या आठवड्यात रोज, पुढे दिवसाआड निम्मं पाणी बदलायचं आणि मासे नंतर सोडायचे. क्रिप्टोकोरीन नवीन पाण्यात पानं गाळून पार विरघळल्यासारखी दिसते. ती उपटू नका. मूळ शाबूत असेल तर महिन्याभरात नवी पानं येतात. अनुबियासचं जाड आडवं खोड मातीत पुरलंत तर ते सडतं, त्याला लाकडाला किंवा दगडाला बांधायचं. एवढं सांभाळलं की सहाव्या-आठव्या आठवड्यात टँक भरलेला दिसतो. डोळ्यांना लवकर फळ हवं असणाऱ्याने ही तफावत ध्यानात ठेवावी: एकीकडे दोन महिने, दुसरीकडे सहा, आणि प्रवाळांची भरघोस वाढ दिसायला दीड-दोन वर्षं.

मोजपट्टी आणि कात्री

रीफची खरी गोडी ज्या कामात आहे ते काम बाहेरून पाहणाऱ्याला अगदी कंटाळवाणं वाटतं: क्षारीयता, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, मोजणं. (वरची क्षारता वेगळी, ती मिठाची.) सिरिंजने टँकचं पाणी छोट्या कुपीत घ्यायचं, त्यात निर्देशकाचे थेंब, मग दुसऱ्या सिरिंजने अभिकर्मक थेंबथेंब सोडत कुपी हलवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही, आणि मग एका थेंबासरशी रंग पालटतो. सिरिंजमध्ये उरलेल्या द्रावणावरून डीकेएचचा, म्हणजे क्षारीयतेच्या एककातला, आकडा निघतो. पाच मिनिटांचं काम.

आता तो आकडा काय सांगतो ते पाहा. समजा २०० लिटरच्या टँकमध्ये खडक-वाळू वजा जाता १७० लिटर पाणी आहे. सोमवारी ८.४ डीकेएच आलं, गुरुवारी ७.५. तीन दिवसांत ०.९ गेलं, म्हणजे रोज ०.३. हे कुठे गेलं? प्रवाळांनी आणि कोरलाइनने ते कॅल्शियमबरोबर बांधून सांगाडा केला. भरपाईचा हिशेबही सोपा आहे. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं). १७० लिटरला ५.१ ग्रॅम, आणि ०.३ साठी रोज दीड ग्रॅम. शुद्ध पाण्यात विरघळवून, जोरात प्रवाह असेल तिथे, हळूहळू. चोवीस तासांत १ डीकेएचपेक्षा जास्त कधी चढवू नये. आकडा झटक्यात उडाला की अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळांची टोकं पांढरी पडतात.

कॅल्शियम याच प्रमाणात संपतं, पण ते रोज मोजावं लागत नाही, आणि याचं कारण बऱ्याचजणांना ठाऊक नसतं. २.८ डीकेएच खर्च होताना कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. वरच्या टँकमध्ये महिन्याला ९ डीकेएच खर्च होतात, म्हणजे काहीच घातलं नाही तर क्षारीयता महिनाभरात तळाला जाते. त्याच काळात कॅल्शियम ४२० वरून ३५५ च्या आसपास येतं. एकीची गंगाजळी छोटी, दुसऱ्याची मोठी. म्हणून क्षारीयता आठवड्याला दोनदा, कॅल्शियम पंधरवड्याला आणि मॅग्नेशियम महिन्याला मोजलं तरी चालतं. (ते १२५० ते १३५० असावं, खूप खाली गेलं तर बाकीचे दोन स्थिर ठेवणं जड जातं.) सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकाच वेळी एकाच जागी ओतलंत तर पाण्यात बर्फ पडल्यासारखा साका दिसेल आणि दोन्ही फुकट जातील.

महिन्या-दोन महिन्यांनी तोच खर्च रोज ०.३ चा ०.५ होतो. डोळ्याला अजून काही दिसलेलं नसतं, प्रवाळ तेवढेच वाटतात, पण वहीतला आकडा सांगतो की सगळे वाढताहेत. उलट खर्च अचानक थांबला तर काहीतरी बिघडलंय, हे प्रवाळ मरगळण्याच्या आधी कळतं. स्वतःच्या हाताने मोजून एका जिवंत गोष्टीची तब्येत ओळखता येणं, हे समाधान दुसऱ्या कुठल्याही टँकमध्ये इतकं नेमकं मिळत नाही. ज्याला हे वाचतानाच जांभई आली असेल त्याने निर्धास्तपणे प्लँटेडकडे वळावं.

तिथलं काम हाताला सुखावतं. रोटालासारखं खोडाचं रोप दर एक-दोन आठवड्यांनी छाटायचं, वरचा शेंडा पुन्हा मातीत खोचायचा, छाटलेल्या ठिकाणी दोन फुटवे येतात आणि झुडूप दाट होतं. आकार तुम्ही देता. रीफमध्ये तुम्ही जागा देता, आकार प्रवाळ घेतो. मोजायचं म्हणाल तर रोपांसाठी सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड तेवढा. साधारण ३० पीपीएम धरायचा, दिवे लागण्याच्या एक-दोन तास आधी सुरू करायचा, दिवे जाण्याच्या तासभर आधी बंद. काचेच्या ड्रॉप चेकरमध्ये ४ डीकेएचचं प्रमाण द्रावण आणि निर्देशक असतो: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका. पण चेकरचा रंग तास-दोन तास मागे असतो. म्हणून सिलिंडरचा कॉक वाढवल्यावर माशांकडे बघायचं. ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर गॅस बंद करून एअरपंप लावायचा. दिवे सहा ते आठ तास पुरेत. काळ्या ब्रशसारखं शेवाळ चढलं तर खताला दोष देण्याआधी गॅस रोज सारखा येतोय का ते पाहावं. संध्याकाळी पानांच्या कडांवरून ऑक्सिजनच्या बुडबुड्यांची बारीक माळ वर जाताना दिसते, आणि आठवड्याचं श्रम फिटतं.

टँकमध्ये राहणारे

रीफ इथे निर्विवाद पुढे आहे.

ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी घ्या. दोन लहान मासे एकत्र सोडले की जो वरचढ तो मादी होतो, दुसरा नर राहतो. मादी मेली तर नर मादी बनतो. अ‍ॅनेमोन लागतोच असं नाही, कितीतरी जोड्या पंपाच्या कोपऱ्यात संसार मांडतात. खडकावर नारिंगी अंडी घालतात, नर त्यांना पंखांनी वारा घालतो, आठवडा-दहा दिवसांनी अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. नीट ठेवलं तर हे मासे पंधरा-वीस वर्षं जगतात. तेव्हा हा निर्णय किती लांबचा आहे तेही लक्षात घ्या.

किंवा पिस्तूल कोळंबी आणि गोबी मासा. कोळंबीला जेमतेम दिसतं. ती दिवसभर वाळूतलं बीळ उकरते आणि एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. गोबी दारात पहारा देतो. धोका दिसला की शेपटी थरथरवतो आणि दोघंही आत. पहाऱ्याच्या बदल्यात त्याला तयार घर मिळतं. स्वच्छक कोळंबी कधीतरी सकाळी निश्चल, पारदर्शक, मेलेली दिसते. नवखा माणूस हळहळतो, आणि तासाभरात खडकामागून तीच कोळंबी नव्या कवचात बाहेर येते. पडलेली असते ती कात.

दिवे गेल्यावर लाल उजेडाची विजेरी घेऊन पाहा. दिवसा फुगलेले मांसल प्रवाळ आत ओढलेले असतात आणि कडांना भक्ष्य पकडणाऱ्या बारीक शुंडा निघालेल्या असतात. टॉर्च प्रवाळ तर झाडू फिरवावा तशा लांब शुंडा सोडतो आणि जवळच्या शेजाऱ्याला डंख करतो. म्हणून दोन जातींमध्ये किमान १५ सेंटिमीटर जागा सोडायची. सकाळी एखाद्या प्रवाळाची एक बाजू पांढरी दिसली तर पाण्याला दोष देण्यापूर्वी शेजाऱ्यावर संशय घ्या.

गोड्या पाण्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. पिढ्या वाढताना पाहायच्या असतील तर तोच टँक सोपा. निओकॅरिडिना कोळंबीची मादी पोटाखाली अंडी घेऊन महिनाभर फिरते आणि थेट आईसारखीच दिसणारी, पण दोन मिलिमीटरची पिल्लं सोडते. क्लाउनफिशच्या पिल्लांना वाढवायचं तर वेगळा टँक, खाऊ म्हणून जिवंत रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव) आणि रोजची जागरणं लागतात. मुख्य टँकमध्ये ती रातोरात खाल्ली जातात.

काय बिघडतं

| प्रसंग | रीफ | प्लँटेड |
|---|---|---|
| पाण्याची वाफ | मीठ मागे राहतं, रोज शुद्ध पाणी भरावं लागतं | आठवड्याला भरलं तरी चालतं |
| वीज गेली | काही तासांतच ऑक्सिजनची अडचण | माशांची गर्दी नसेल तर बरंच निभावतं |
| दहा दिवस बाहेर | जाणता माणूस किंवा भरवशाची यंत्रणा हवी | दिवे कमी करून जाता येतं |
| माशांचा आजार | टँकमध्ये तांबं वापरता येत नाही | बऱ्याच औषधांची सोय, कोळंबी असल्यास जपून |
| उन्हाळा | ३० अंशांवर प्रवाळ विटू लागतात | २८ पर्यंत बहुतेक मासे सोसतात, रोपं रेंगाळतात |

वाफेचं गणित किरकोळ समजू नका. उघड्या टँकमधून रोज दोन ते चार लिटर पाणी सहज उडतं. पाच दिवसांत २० लिटर गेलं तर २०० लिटरचं ३५ पीपीटी पाणी जवळजवळ ३९ वर जातं. तापमान उतरवायला पंखा लावला की दोन-तीन अंश कमी होतात, पण वाफ वाढते. म्हणून आपोआप पाणी भरणारी यंत्रणा ही चैन नाही, ती पहिल्या दिवसापासून हवी. तिचा फ्लोट अडकला तर साठवणीतलं सगळं गोडं पाणी टँकमध्ये उतरतं आणि क्षारता कोसळते. त्यामुळे दोन फ्लोट लावा आणि साठवणीची टाकी गरजेपेक्षा मोठी ठेवू नका. हीटरचंही तसंच. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान, वेगळ्या कंट्रोलरवर. चालू स्थितीत अडकलेला एक लहान हीटर टँक उकळवू शकत नाही.

वीज गेली तर आधी पाणी हलतं ठेवायचं, मग तापमान पाहायचं. दिवे दोन दिवस नसले तरी प्रवाळ मरत नाहीत. बॅटरीवरचा एअरपंप हाताशी हवाच.

खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ते प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं. म्हणून प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या साध्या टँकमध्ये चार आठवडे. हे टाळलं आणि रोग आत आला, तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो. एवढा जाच एकदा सोसलेला माणूस पुन्हा क्वारंटाइन चुकवत नाही.

आणि एक धोका माणसाला. झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ जातीच्या प्रवाळांमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. नको असलेले पॉलिप (प्रवाळाचे एकेक छोटे जीव) काढायला खडक उकळणं, गरम पाण्याखाली घासणं किंवा ड्रिलने खरवडणं म्हणजे ते विष वाफेतून, तुषारांतून घरभर पसरवणं. अख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घालून काम करा, आणि तो खडक नको असेल तर उकळू नका, तसाच टाकून द्या. घरात रांगतं मूल असेल तर ही जात घेऊच नये. प्लँटेड टँकमध्ये याच्या तोडीचा धोका नाही.

रीफ ठरलाच, तर कुठला?

मऊ प्रवाळ, मोठ्या पॉलिपचे खडकाळ प्रवाळ आणि लहान पॉलिपचे, असे तीन जिने आहेत, आणि त्यांचं प्रतिफळही तीन प्रकारचं आहे.

मश्रूम, लेदर, झेनिया हे मऊ गट ५० ते १०० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) उजेडात, मध्यम प्रवाहात राहतात. सांगाडा दगडी नसल्याने कॅल्शियमचा खर्च नगण्य. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की भागतं. झेनिया मुठी उघडमीट करत राहतो, त्याकडे तासन्‌तास बघता येतं. मात्र तो आणि ग्रीन स्टार पॉलिप मुख्य खडकावर कधीच चिकटवू नका. वर्षभरात सगळा खडक त्यांचा होतो. वेगळ्या दगडावर, वाळूने वेढलेलं बेट करून ठेवा.

टॉर्च, हॅमर, अकान हे मधल्या जिन्यावरचे: ८० ते १५० पार. आमच्या मते घरगुती रीफचं सुख इथे सर्वांत भरघोस आहे. हालचाल आहे, रंग आहे, आठवड्यातून एकदा मायसिस कोळंबी भरवली तर तोंड उघडून गिळताना दिसतात, आणि वर सांगितलेला सोड्याचा हिशेब इथूनच सुरू होतो.

अ‍ॅक्रोपोरा, माँटीपोरा यांना २०० ते ३५० पार उजेड, टँकच्या तासाला वीस ते चाळीस पट प्रवाह आणि डोसिंग पंप (द्रावण मोजून सोडणारे पंप) लागतात. त्यांची वाढ वर्षाला काही सेंटिमीटर. दोन दिवसांची बेपर्वाई सहा महिन्यांची वाढ पुसते. टँक किमान वर्षाचा होईपर्यंत इथे हात घालू नये.

तिन्ही गटांत फ्रॅग, म्हणजे कापून वेगळे वाढवायचे तुकडे, करता येतात, आणि जुन्या रीफवाल्यांची मैत्री बहुधा याच देवाणघेवाणीतून जमते. हॅमरची फांदी खालच्या मृत सांगाड्यातून कापायची, मांसल भागाला धक्का न लावता, आयोडीनच्या द्रावणात बुडवून छोट्या चकतीवर चिकटवायची. आपला मूळ प्रवाळ कधी गेला तर त्याचाच तुकडा मित्राकडून परत आणता येतो. प्लँटेडमधली छाटणीही वाटता येते, पण ती इतकी निघते की घेणारे पुरत नाहीत.

सुरू करण्याआधी कायदा मात्र पाहाच. खडकाळ प्रवाळ साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडताना परवाना लागतो, आणि काही देशांत समुद्रातून आणलेला जिवंत प्रवाळ बाळगणं हाच गुन्हा आहे. शक्य तिथे टँकमध्येच वाढवलेले फ्रॅग कागदपत्रांसह घ्यावेत. ते बंदिस्त पाण्याला सरावलेले असल्याने टिकतातही जास्त.

ठरत नसेल तर एक महिना

पाणी, टँक, स्टँड आणि खडक मिळून २०० लिटरच्या रीफचं वजन ३०० किलोच्या घरात जातं. एकदा मांडला की तो सहज हलत नाही. म्हणून मासे-प्रवाळ आणण्याआधी नुसतं खारं पाणी, खडक, हीटर आणि पंप एवढंच तीस दिवस चालवा, आणि पाणी भरायची यंत्रणा मुद्दाम लावू नका. रोज एकाच वेळी क्षारता आणि तापमान वहीत लिहायचं, उडालेलं पाणी मापाने भरायचं. तीस दिवसांपैकी सत्तावीस-अठ्ठावीस नोंदी झाल्या आणि आकडे ३५ च्या अर्धा पीपीटी वर-खाली राहिले, तर रीफ जमेल. दहाव्या दिवसापासून वहीत कोरे रकाने दिसू लागले तर पाणी उपसा, मीठ धुऊन काढा आणि त्याच काचेत माती भरून रोटाला लावा. टँक, हीटर, स्टँड सगळं तेच चालतं. आणि कोरे रकाने पडले नाहीत, तर अमोनिया पहिल्याच दिवशी घालून ठेवलेला असल्यास महिनाअखेर खडकावर जिवाणू बसत आलेले असतात, आणि पहिल्या क्लाउनफिशला जागा तयार असते.